चहाआधीचं स्वप्न

बेंगळुरूच्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत उमाकांतअण्णांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. तिथे कावेरी उशा भरायला बसायची. सावरीचा कापूस असा काही हलका, की पंखा लावायची सोय नाही. दाराशी कुणी नुसतं शिंकलं तरी अर्धा ढीग हवेत. दुपारच्या उन्हात तो तरंगत राहायचा, तिच्या केसांवर, भुवयांवर उतरायचा, आणि ती त्या पांढऱ्या धुक्यात बसून सावकाश खोळी भरत राहायची. बसवनगुडीतल्या कितीतरी बायका तिच्या हातच्या उशीवर डोकं टेकून खुशाल घोरत होत्या. ती स्वतः मात्र नुसत्या चटईवर पडायची, आणि डोळा लागतोय असं वाटलं की दचकून उठून बसायची. झोपेला भीत होती पोर. झोप आली की स्वप्न पडतं, आणि आपल्याला पडलेल्या स्वप्नानं माणसाचं वाटोळं होतं, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं.

हसू नका. तिला ते शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांनी चांगलं रगडून शिकवलं होतं.

तिचे वडील कृष्णाजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते. कावेरीच्या आधीचा मुलगा तापानं गेला, तेव्हापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. कुणीतरी कानाशी लागलं, की बेंगळुरूजवळ एक सत्पुरुष आहेत. आईबापांना पडलेल्या स्वप्नांवरून गेलेलं मूल कुठे आहे, कसं आहे, ते सांगतात. झालं. बायकोला आणि चार वर्षांच्या कावेरीला घेऊन हा गृहस्थ निघाला तो परत आलाच नाही. येलहंक्याच्या पुढे द्राक्षमळ्यांच्या आड ती जागा होती. तिला प्रभातवाडी म्हणत, आणि त्या पुरुषाला सगळे नुसतं ‘थोरले’ म्हणत. कुंपणाबाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, कुणाला पत्र घालायचं नाही, आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही.

आत काय चालायचं? रोज पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करून, ओल्या केसांनी उंबऱ्याशी हात जोडून बसायचं आणि रात्री पडलेलं स्वप्न थोरल्यांना सांगायचं. लहान-मोठं सगळ्यांनी. त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पांढरी गाय दिसली, दिवा दिसला, थोरले खांद्यावर घेऊन नदी ओलांडताना दिसले, तर ठीक. कांदाभजी दिसली, आजोळ दिसलं, रस्ता दिसला, तर मन बाहेर ओढ घेतंय म्हणून ते धुवायचं. धुवायचं म्हणजे हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभं करायचं, आणि पुढच्या रात्री झोपू द्यायचं नाही. कस्तुराबाई म्हणून एक होती, ती निंबाचा ओला फोक घेऊन समोर बसायची. मान कलली की सपकन पोटऱ्यांवर. आणि ‘स्वप्न आठवत नाही’ हा तर सगळ्यात मोठा गुन्हा, कारण आठवत नाही म्हणजे लपवलं.

पोरं मग पोरंच. विहिरीवर कळशी भरताना त्यांची देवघेव चालायची. “तुझी गाय मला दे, मी तुला दिवा देते. माझा दिवा परवाच झालाय.” कावेरीजवळ एक छान गाय होती, तिच्या शिंगांना मोगऱ्याचे गजरे होते. ती गाय तिनं किती जणींना उसनी दिली असेल! खोटं बोलतोय असंही कुणाला वाटत नसे. खरं स्वप्न कोणतं आणि रचलेलं कोणतं, ह्यातली रेघच पुसून गेली होती.

आणि एका पहाटे ती चुकली. नऊ-दहा वर्षांची असेल. आदल्या रात्रीचं स्वप्न इतकं गोड होतं, की गाय-बीय विसरून ती भडाभडा बोलून गेली. आईनं हिरवं लुगडं नेसलंय. ती आईच्या मांडीवर बसलीय, लाल बसमध्ये खिडकीशी. बस थांबते तिथे घराएवढा मोठा काळा नंदी बसलाय, त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांच्या राशी लागल्यात, माणसंच माणसं, आणि सगळी शेंगा फोडत हसताहेत. आई तिच्या ओंजळीत शेंगा घालते आणि म्हणते, आता इथेच राहायचं.

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कावेरीकडे नाही, तिच्या आईकडे पाहिलं. त्या दिवशी हौदात आई उभी होती, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये घालून आंध्रातल्या कुप्पमच्या बाजूच्या दुसऱ्या वाडीवर धाडलं. कृष्णाजी शेजारी उभे होते, मूग गिळून. बायकोला नेताहेत, पोर ऊर फुटेस्तो रडतेय, आणि हा बाप हात जोडून उभा! ह्या माणसाचा राग करू नये म्हटलं तरी येतोच. थोरले कावेरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “रडू नकोस. तुझ्या स्वप्नानंच तिला पकडून दिलं. तुझ्या स्वप्नात फार जोर आहे.” हे एक वाक्य त्या लेकराच्या काळजात जाऊन बसलं ते बसलंच.

आईचे मोठे भाऊ, विश्वेश्वरमामा, बसवनगुडीत राहायचे, एका सरकारी शाळेत गणित शिकवायचे. दर दसऱ्याला ते वाडीच्या फाटकाशी मिठाईचा पुडा घेऊन उभे राहायचे आणि दर दसऱ्याला त्यांना परत पाठवायचे. एक्क्याण्णव साली कृष्णाजी गेल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा ते वकील आणि पोलीस बरोबर घेऊनच गेले. “चल,” म्हणाले, आणि कावेरी निघाली. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. धीट होती म्हणून निघाली असं नव्हे. मोठ्या माणसानं चल म्हटलं की चालायचं, एवढंच तिला माहीत होतं.

मामाकडची पहिली पहाट. मामी उठून बघते तो पोरगी ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हात जोडून बसलेली. मामीला वाटलं चहा हवाय. तिनं कप पुढे केला, तर ही डोळे मिटून सुरू झाली, “पांढरी गाय दिसली. शिंगांना गजरे होते.”

“अय्यो, किती छान!” मामी म्हणाली. “स्वल्प चहा घे आधी, गार होतोय.”

कावेरी वाट बघत बसली. ठीक म्हणतात की धुवायला नेतात? दोन्ही नाही. मामी आपली खोबरं खवत होती. शेवटी हिनंच भीत भीत विचारलं, “तुम्हाला काय पडलं?”

“मला? काहीतरी डोशाचं होतं बाई. तवा जळत होता की काय... विसरले!”

विसरले. आणि असं म्हणून मामी खुशाल खोबरं खवतेय! कुणी तिला काही केलं नाही, छप्पर कोसळलं नाही. कावेरी त्या दिवशी चहा प्यायची विसरली.

त्याच आठवड्यात मामा तिला जवळच्या नंदीच्या देवळाकडे फिरायला घेऊन गेले. चढ चढून गाभाऱ्याशी आले. समोर घराएवढा काळा नंदी. तोच. तीच मान, तसाच बसलेला. जन्मात ही आधी बसवनगुडीत आली नव्हती, आणि नंदी मात्र तिनं पाहिला होता! म्हणजे थोरले खरं बोलत होते. आपल्या स्वप्नात जोर आहे. आईला आपणच बुडवलं. त्या दिवसापासून ती देवळाच्या रस्त्याला फिरकेना. कार्तिकात तिथे शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे म्हणतात इथे. सगळी बसवनगुडी लोटते. कावेरी त्या दिवसांत खिडक्या लावून घरात बसायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मामीनं खोदून विचारलं नाही. एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, हिला हाताला काम द्या. मग उमाकांतअण्णांच्या दुकानात काम लागलं.

दिवस असे कापसासारखे तरंगत गेले. सकाळचं धुकं, दारातल्या रांगोळ्या, फिल्टर कॉफीचा वास, अण्णांचा रेडिओ. कावेरी हळूहळू हसायला शिकली. फुलवाल्याशी घासाघीस करायला शिकली, रिक्षावाल्याला “सरी, सरी, ठीक आहे, पुढे चला” म्हणायला शिकली. उंबऱ्याशी बसायची सवयही एक दिवस सुटली. पण झोपेची भीती काही गेली नाही. मामा कुप्पमकडे खेटे घालत होते. वाडीवाले आई तिथे नाहीच म्हणून सांगत. जिवंत आहे की नाही हेही कळेना. आहे असं कळलं तर तिला तोंड कसं दाखवायचं, हे कावेरीला त्याहून कळेना.

शहाण्णवच्या कार्तिकात कुप्पमची वाडी मोडली. थोरले रातोरात परागंदा झाले, माणसं वाट फुटेल तिकडे पांगली, आणि एक बाई विचारत विचारत रेल्वेत बसली. तिनं भावाचं नाव सांगितलं, तेव्हा बेंगळुरूच्या अलीकडच्या के. आर. पुरमच्या स्टेशनमास्तरांनी मामांच्या शाळेत फोन केला. मामा धावत जाऊन बहिणीला घेऊन आले. रिक्षातून उतरली ती काठीसारखी वाळलेली, केस पार पांढरे. कावेरी दारातच थिजली. आईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग तिच्या भुवईवरचा कापूस बोटानं हलकेच काढला. “एवढी मोठी झालीस!” एवढंच म्हणाली.

दुपारी जेवण झाल्यावर आई मामांना म्हणाली, “दादा, आज कार्तिकातला शेवटचा सोमवार ना? जत्रा असेल. मला घेऊन चल.”

कावेरी खिडक्या लावायला उठली. पण आई तिचा हात धरून उभी. कसं नाही म्हणणार? गेली. तो रस्ता त्या दिवशी खरंच स्वप्नातल्यासारखा होता. दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी, भाजलेल्या शेंगांचा धूर, फुगे, पिपाण्या, आणि माणसं शेंगा फोडत हसत चाललेली. पायाखाली टरफलं चुरचुरत होती. नंदी दिसला आणि कावेरीचा बांध फुटला. भर गर्दीत ती बोलली, “आई, हे मी पाहिलं होतं. ह्याच स्वप्नानं तुला पकडून दिलं. मीच तुला घालवलं गं! माझ्या स्वप्नात जोर आहे, ते म्हणाले होते.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. जणू काय बोलतेय तेच तिला कळेना. मग ती एका कडेला पायरीवर बसली आणि लेकीलाही तिनं बसवलं.

“वेडी गं वेडी,” ती म्हणाली. “ते तुझं स्वप्न नव्हतंच. ते माझं होतं. मी तुझ्या कानात सांगायचे.”

“कधी?”

“रोज रात्री. तू झोपलीस की. मी पळायचं ठरवलं होतं, मामाकडे. लाल बसनं जाऊ, मोठा काळा नंदी आहे, शेंगांची जत्रा भरते, तिथेच राहू. जागेपणी सांगितलं असतं तर सकाळी तुला लपवावं लागलं असतं, आणि तुला मार बसला असता. म्हणून झोपेत सांगायचे. म्हटलं, पोरीच्या कानात तरी राहू दे. ते तुझ्या स्वप्नात जाईल हे मला मेलीला कुठे ठाऊक!” तिनं पदरानं डोळे पुसले. “चुकलं असेल तर माझं चुकलं. तुझं काय चुकलं? तुला ऐकू आलं, एवढंच ना?”

 आईच्या मांडीवर डोकं ठेवून कावेरी पोट भरून रडली. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. थोड्या वेळानं आईनं विकत घेतलेल्या शेंगा तिच्या ओंजळीत घातल्या. गरम होत्या. त्या दोघींनी तिथेच बसून संपवल्या.

त्या रात्री कावेरीनं दुकानातून आणलेल्या दोन उशा काढल्या, एक आईला, एक स्वतःला. सकाळी जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. इतकी झोपली होती पोर! शेजारी पाहिलं तर आई अंथरुणात नव्हती.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होती. थंड पाण्यानं नाहून, ओल्या केसांनी, हात जोडून बसलेली. ओठ हलत होते. मामी हातात कप घेऊन गोंधळून उभी होती. कावेरीनं तो कप तिच्याकडून घेतला आणि आईसमोर बसली.

“पांढरी गाय...” आई डोळे मिटून म्हणाली.

“शिंगांना गजरे होते?” कावेरीनं विचारलं.

आईनं डोळे उघडले. कावेरीनं तिचे जोडलेले हात हळूच सोडवले आणि त्यांत कप दिला. “ती गाय माझी आहे आई, खूप फिरलीय ती. खरंच काही पडलं का रात्री?”

आईनं कप दोन्ही हातांत धरला. “पडलं,” ती शेवटी म्हणाली.

“मग राहू दे तुझ्यापाशी. इथे कुणी विचारत नाही. चहा घे, गार होतोय.”

आईनं एकदा मामीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग कप तोंडाला लावला. दुसऱ्या घोटाला ती स्वतःशीच कशाला तरी हसली. का हसलीस, असं कावेरीनं विचारलं नाही.