वाकून दिलेली उत्तरं

ओळखपत्र मिळालं आणि दवनीवाड्यात अल्काचं चालणंच बदललं. प्लॅस्टिकच्या कव्हरातलं कार्ड, त्यावर तिचा भांबावलेला फोटो, खाली ‘क्षेत्र संशोधन सहाय्यक’. बाईसाहेब ते गळ्यात घालून पीठगिरणीवरसुद्धा जायच्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला मिरवायला एवढं मिळालं, तर तिनं का मिरवू नये?

आणि कामही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी, २००८ साली, गोंदियाकडच्या एका राईस मिलचा बॉयलर फुटला होता. तिथं धान उचलायला, पाखडायला जाणाऱ्या बायका बहुतेक याच गावच्या. चौघी जिवानिशी गेल्या. बाकीच्या घरी आल्या, त्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि गावानं विषय मिटवला. आता नागपूरहून रचना मॅडम आल्या होत्या. एवढ्या धक्क्यानंतर कोणाच्या मनातली भीती विरून जाते, आणि कोणाच्या मनात ती वर्षानुवर्षं का ठाण मांडून बसते, हे त्यांना शोधायचं होतं. आधी आयुष्यात काय सोसलं होतं, नंतर कोणी जवळ बसून विचारलं होतं का, असं सगळं. भीतीचीही कारणं शोधता येतात! हे ऐकून अल्काला रात्रभर झोप आली नाही. तिनं मॅडमच्या फॉर्मवरचे सतराच्या सतरा प्रश्न पाठ केले. भांडी घासताना म्हणायची, न्हाताना म्हणायची.

पहिला फॉर्म तिनं आपल्या मायचाच भरला. कलाबाईही मिलमधलीच, पण तिला साधं खरचटलंही नव्हतं. अल्कानं तिला विचारलंसुद्धा नाही. आपल्या मायला आपण नाही ओळखणार तर कोण? सतरा वेळा ‘नाही’वर खूण केली, दोन मिनिटांत काम फत्ते. मॅडमनी अक्षराचं कौतुकही केलं. मायचा एकच नखरा होता. अल्कानं पहिल्या मानधनातून आणलेला कुकर तिनं एकदाच लावला आणि खोक्यासकट माळ्यावर टाकला. म्हणे, “त्यातल्या भाताले चव नाय.” घ्या आता!

पण घराघरांत गेल्यावर गाडी अडली. अल्का गीताबाईच्या ओट्यावर बसून छापील प्रश्न वाचायची: “त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या गोष्टींमुळे आपणास तीव्र अस्वस्थता जाणवते काय?”

“काय म्हनून रायली व पोरी? सुदं, सरळ बोल ना!”

दारात सासू उभी, शेजारीण डोकावणार, समोर कार्डवाली पोरगी डोळ्यात डोळे घालून बसलेली. अशात ‘हो’ कोण म्हणेल? एकदा ‘येडी’ म्हणून नाव पडलं की पोरीच्या सोयरिकीपर्यंत पोचतं. तीस फॉर्म झाले आणि तिसांवरही ‘नाही’. गीताबाई मिलचा रस्ता टाळून दीड कोस वळसा घालते, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, पण फॉर्मवर ‘नाही’!

मॅडमचा फोन आला. “अल्का, गावात त्रासच नसेल तर या बायकांसाठी दर बुधवारी जे मनाचे डॉक्टर येणार आहेत, ते आपल्याला दुसऱ्या गावाला द्यावे लागतील. महिन्याअखेर ठरवू.”

अल्काचं तोंड एवढंसं झालं. हातचा डॉक्टर जाणार, आणि तोही आपल्याच कागदांमुळे!

दुसऱ्या दिवशी गावातल्या सुलोचनाबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा म्हणजे लावणी होती आणि एक बाई कमी पडत होती. अल्कानं कार्ड शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवलं आणि चिखलात उतरली. अकरा जणींची रांग, सगळ्या कंबरेत वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी. बाजूला गीताबाई. अल्का सहज बोलून गेली, “मावशी, मिलची आठवण येते का व?”

गीताबाईचा हात थांबला नाही. मान वर झाली नाही. “येते नाय त का! मिलच्या भोंग्यानं अजून पायातली ताकद जाते. कोनाले सांगू?”

“मलेबी,” पलीकडून कोणीतरी म्हणालं.

अल्काला एकदम उमगलं. अरे देवा, इतकं सोपं! रोवताना कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. सगळ्यांचे डोळे चिखलात. इथं उत्तर द्यायला लाज वाटतच नाही! तिनं धुऱ्यावरून मॅडमना फोन लावला आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत धडाधडा सांगितलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “शब्द तुझे वापर, अर्थ बदलू नकोस. आणि लिहिण्याआधी प्रत्येकीची परवानगी घे.”

मग काय, अल्का रोज नव्या बांधीत! सकाळी सगळ्यांना सांगून टाकायची की मी विचारणार आहे आणि लिहिणार आहे. दुपारी भाकरतुकडा खाताना ज्यांची हरकत नसेल त्यांचे फॉर्म नव्यानं भरायची. सात दिवसांत एकवीस बायकांनी ‘हो’ म्हटलं. बुधवारचे डॉक्टर पक्के झाले. अल्का हवेत होती.

आठव्या दिवशी रांगेत कलाबाईही होती. अल्कानं बाजूच्या बाईला अकरावा प्रश्न विचारला, “कायचा आवाज झाला त दचकता का?”

उत्तर दोन जणी पलीकडून आलं.

“मले होते तसं.”

माय होती ती. खाली वाकूनच बोलत होती, हात पऱ्हे लावत होते. “फुटायच्या आंधी बॉयलर असाच सूं सूं करे. तुह्या कुकरावानी.”

अल्काची जुडी हातातून निसटली. माळ्यावरचा कुकर, सतरा ‘नाही’, मॅडमचं कौतुक, सगळं एकदम आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“माय, तू कधी बोलली काऊन नाय?”

“तू कधी इचारलं?”

रांग पुढं सरकत होती. मधल्या दोघींनी सरकून अल्काला वाट करून दिली, आणि ती मायच्या शेजारी जाऊन उभी राहिली. डोळे भरले होते, पण वाकल्यावर ते मायलाही दिसणार नव्हते.

“आता इचारू का, माय?”

“इचार. कितीक हायेत?”

“सतरा.”

फॉर्म धुऱ्यावर होता. त्याची गरज नव्हती. अल्का वाकली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.