मामांना ‘अल्पसा आजार’ नव्हता

बाळकुमहून मामीचा फोन आला, तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी पुस्तकं लावत होतो. “मामा गेले रे,” एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आलं, ‘अल्पशा आजाराने निधन’. मजकूर थोरल्या मामांनी दिला होता. तो मला तेव्हा मान्य नव्हता, काही आठवड्यांनंतर आजही नाही.

आमच्यात नवरीला मंडपात मामा आणतो. सगळ्या भाच्यांना गेलेल्या या मामांनीच आणलं. भाची रडायला लागली की कानात म्हणायचे, “हळू चाल गं, माझं धोतर सुटेल,” आणि ती हसतच बोहल्यावर चढायची. शेवटची राहिली होती दिवा गावच्या मावशीची मनाली.

तिच्या मांडवाच्या दिवशीचं चिकन रात्रभर उकाड्यात झाकून राहिलं आणि हळदीच्या सकाळी भाकरीबरोबर संपवलं गेलं. लग्नाच्या दिवशी निम्म्या घराला जुलाब. मामांना तर ताप होता आणि शौचातून रक्तही पडत होतं. त्यांनी मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि एकामागून एक घेतल्या. मी म्हणालो, “मामा, ताप आणि रक्त असताना ही गोळी घ्यायची नसते. डॉक्टरकडे चला.”

“अरे पुस्तकवाल्या, मनालीला मांडवात काय तुझं पुस्तक आणणार?”

सगळे हसले… गोळ्यांनी मामांचे जुलाब थांबले, आणि तिथेच सगळे फसलो. बरं वाटतंय म्हणून कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. आतला संसर्ग वाढतच होता. पोट फुगलं, तेव्हा रुग्णालयात नेलं. उशीर झाला होता.

थोरले मामा मला म्हणाले, “खरं कारण कुठे लिहू नकोस. पोरीच्या लग्नाला बोल लागेल.” मी मामीला विचारलं. ती उसळली, “लिही! जुलाब म्हणजे काय चोरी आहे?”

म्हणून लिहितो. दोष मनालीचा नाही, मावशीचाही नाही. पोट बिघडलं तर ओआरएस घोटाघोटाने प्या. ताप नसेल, रक्त नसेल, तरच मोठ्या माणसाने जुलाब थांबवायची गोळी घ्यावी, तीही पाकिटावर लिहिली आहे तेवढीच. ताप किंवा रक्त दिसलं तर गोळी नको, थेट डॉक्टर गाठा. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. एवढं बोलल्याने कुणाची अब्रू जात असेल, तर खुशाल जाऊ दे.

मामीने लग्नातला फोटो बाहेरच्या खोलीत, दारासमोरच लावलाय. मनालीचा हात धरून मामा ताठ उभे आहेत, गाल लालबुंद. भेटायला येणारे म्हणतात, “काय रुबाब होता!” थोरले मामा मान डोलावतात.

मामी चहा ठेवते आणि प्रत्येकाला सांगते, “रुबाब नाही. ताप आहे तो. नीट बघा.”