समोरच्या पप्पांची शाळा

स्वतःच्या पोटच्या पोरांची रोज हजेरी घेणारा माणूस अख्ख्या भोपाळमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझ्या समोर राहत असावा हे माझं नशीब. मी गणिताची मास्तरीण. चौतीस वर्षं फळ्यासमोर काढून निवृत्त झाले आणि बरखेड्याला कारखान्याच्या वसाहतीत मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, ते शाळा या प्रकारापासून जरा लांब राहावं म्हणून. पहिल्याच सकाळी कारखान्याचा सातचा भोंगा झाला आणि समोरच्या व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला, "रूथ." "हजर." "शमुवेल." "हजर." हजेरी संपली. पट दोघांचाच होता.

गृहस्थ नगरकडचे मराठी ख्रिस्ती, कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात. मुलं पप्पा म्हणतात म्हणून क्वार्टरांची सगळी लाइन त्यांना पप्पाच म्हणते. मीसुद्धा, वयाने वीस वर्षांनी मोठी असून. देवाने मुलं आपल्या हातात दिली आहेत तर आपणच शिकवायची, असं त्यांनी रूथ पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. त्यासाठी त्यांनी कायमची दुसरी पाळी मागून घेतली. दुसरी पाळी कोणी मागून घेत नाही, त्यामुळे साहेबांना वाटलं याचं घरी काहीतरी बिनसलंय. सकाळी सात ते बारा शाळा, मग जेवण, मग सायकल मारत कारखाना, असा बारा वर्षांचा क्रम. एकदा दूध आणायला गेले आणि पाच मिनिटं उशिरा आले, तर रूथने त्यांना दाराबाहेर उभं केलं. हा माणूस मान खाली घालून उभा राहिला, आणि वर मला म्हणाला, "नियम म्हणजे नियम, बाई."

वह्या तपासायचे तेही कारखान्याच्या पद्धतीने. हिरवी पेन्सिल म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे भंगार. एका रविवारी चर्चमधून आल्यावर मुलांना व्यास शिकवायचा म्हणून त्यांनी बायकोच्या पोळ्या मोजल्या आणि एका पोळीला पिवळी खूण दिली. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, सलग दोन ड्यूट्या करून आलेली. त्या दिवशी पप्पा दुपारी तीनपर्यंत उपाशी होते.

टक्केवारी शिकवायला ते मुलांना करोंदच्या धान्य मंडीत घेऊन गेले. तिथे एका व्यापाऱ्याने पोरांना दाणा दाताखाली धरून गव्हात ओल किती ते ओळखायला शिकवलं. झालं, महिनाभर शमुवेल लाइनीतल्या प्रत्येक घरात शिरून गहू चावत होता. माझ्या डब्यातला दाणा चावून म्हणाला, "आजी, तुमच्या गव्हात नमी आहे." मी त्याला हाकलून लावलं. पंधरा दिवसांत गव्हाला कीड लागली, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. रोज अभ्यासाआधी त्यांची प्रार्थना व्हायची, आणि दर वारी शेजारपाजारच्या एकेकासाठी काहीतरी मागायचं असायचं. माझा वार गुरुवार. एका गुरुवारी माझ्या खिडकीतून शमुवेलचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "हे प्रभू, समोरच्या आजींचा राग थोडा कमी कर." पप्पांनी "आमेन" जरा जास्तच मनापासून म्हटलं, असं मला वाटलं.

पण त्यांचा एक नियम मला मुळीच पटत नव्हता. गणित आलं नाही तर उगाच काहीबाही लिहायचं नाही. सरळ लिहायचं, 'हे मला येत नाही, पप्पांबरोबर बघेन.' मग बापलेक डोक्याला डोकं लावून ते सोडवायचे. मी म्हटलं, "अहो, परीक्षेत दोन पायऱ्या खरडल्या तरी अर्धा मार्क मिळतो." ते म्हणाले, "बाई, तो अर्धा मार्क कशाचा?" मी भाजी बघायला आत गेले.

रूथ बाहेरून दहावीला बसली, तेव्हा मात्र बायकोने अट घातली. इतकी वर्षं ती नातेवाइकांचे टोमणे झेलत आली होती. "ही गणितात नापास झाली, तर जूनपासून दोघंही शाळेत. बाई साक्षीला आहेत." पप्पा "कबूल" म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. बारा वर्षांची शाळा एका पेपरावर टांगली गेली होती.

गणिताच्या पेपराला तिच्या आईबरोबर मीही गेले, अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत सेंटर होतं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तीन तास फाटकाशी उभे. रूथ बाहेर आली ती शांतपणे. "पप्पा, एक गणित नाही आलं. मग मी लिहिलं."

"काय लिहिलंस?" मीच विचारलं.

"यह मुझे नहीं आता, घर जाकर पापा के साथ देखूँगी."

मी कपाळावर हात मारला. तिच्या आईने तोंड फिरवलं. बोर्डाच्या पेपरात असं लिहिणारी पोरगी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि पप्पा? त्यांचा चेहरा असा फुलला की पोरगी पहिली आली असं कोणालाही वाटावं. "कोणतं गणित?" म्हणाले, आणि दोघं तिथेच फुटपाथवर बसून ते सोडवायला लागले.

निकाल लागला. गणितात एक्क्याऐंशी. मेच्या उकाड्यात त्यांच्या घरी नाताळचा केक भाजला गेला आणि पप्पांनी पट्टीने मापून सारखे तुकडे लाइनभर वाटले. माझा तुकडा मात्र मापाबाहेर मोठा होता. मी म्हटलं, "अर्ध्या मार्काच्या वादात हरले मी," आणि खरं सांगते, हरण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

चार दिवसांनी रूथ त्यांना म्हणाली, "पप्पा, मला अकरावीला शाळेत जायचंय. परीक्षेत शेजारच्या मुलीने मला रबर दिलं. माझ्या बाकावर कधी कोणी नव्हतंच. नापास झाले असते तर जावंच लागलं असतं, आता मी विचारून जातेय." पप्पांनी हातातली पेन्सिल डब्यात ठेवली. मग म्हणाले, "फॉर्म आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फॉर्म घेऊन ते माझ्याकडे आले. सगळा सुवाच्य अक्षरात भरलेला. आधीच्या शाळेचं नाव: घर. त्याखालचा रकाना कोरा होता, शाळा सोडण्याचं कारण. "बाई, इथे काय लिहितात?" मी म्हटलं, "बदली लिहा, काहीही लिहा, ते कोणी वाचत नाही." त्यांनी पेन हातात धरून ठेवलं. मग वाकून हळूहळू लिहिलं, 'यह मुझे नहीं आता.'

माझ्यातल्या मास्तरणीने ते खोडायला लावायला हवं होतं. मी नाही लावलं. माझ्याच चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. इतक्यात सातचा भोंगा झाला आणि ते घाईने उठले, उशीर झाला तर बाहेर उभं राहावं लागेल म्हणून. रूथची नवी शाळा उघडायला अजून बारा दिवस होते. समोरून आवाज आला, "रूथ." नेहमीपेक्षा जरा हळू.

"हजर," रूथ म्हणाली.