गणपतीपुढची यामातो

आमच्या ह्यांना गणपतीच्या आराशीचं भारी वेड. मस्कतमध्ये आमच्या मंडळाचे परीक्षक दरवर्षी घरोघरी आरास बघायला यायचे आणि दरवर्षी आमचा नंबर हुकायचा. "या वर्षी ढाल आपलीच," असं ह्यांनी जाहीर केलं आणि हॉलभर थर्मोकोल येऊन पडला. हे रुसैलच्या कारखान्यात नोकरीला, तिथल्या पॅकिंगचा तो.

काय करणार, तर म्हणे यामातो! जपानची युद्धनौका, जगातली सगळ्यात मोठी. "अहो, गणपतीपुढे लढाई कसली मांडताय?" मी म्हटलं. पण ऐकतील तर शपथ. वादी कबीर भागातल्या एका गॅरेजमधून गाडीच्या वायपरची मोटर आणून ती जहाजाखाली बसवली. बटण दाबलं की तोफांवर लाल दिवे लागायचे आणि जहाज हळूहळू कलंडत निळ्या सॅटिनखाली जायचं. जहाजामागे, धुरांड्याच्या रेषेत, वाटीत निखारा ठेवून त्यावर लुबान, म्हणजे इथला धूप, टाकायचा. घरभर धूर!

सोबत ह्यांच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग. हे जहाज पडदे लावून गुपचूप बांधलं, एवढ्या मोठ्या तोफा दुसऱ्या कुठल्याच देशाच्या जहाजावर नव्हत्या, बंदरातच पडून असायचं म्हणून बाकीचे खलाशी त्याला हॉटेल म्हणून चिडवायचे. शेवटी पंचेचाळीस साली, डोक्यावर राखणीला विमानं नसताना, परत न येण्यासाठीच त्याला ओकिनावाकडे धाडलं. तीन हजारांवर माणसं होती. "आणि आता पाहा, मंडळी!" इथे ह्यांचा आवाज सर्कसवाल्यासारखा चढायचा. शेजारची पोरं "अंकल, अगेन!" करून जीव खायची. मी मोदकांची उकड मळता मळता ते रोज ऐकत होते, आणि माझ्या मनात काही म्हणजे काही आलं नाही.

परीक्षक यायच्या संध्याकाळी हे एका वयस्कर जपानी इंजिनिअरांना दर्शनाला घेऊन आले. कारखान्यात नवी मशिनं बसवायला आलेले. "स्वतःच्या देशाचं जहाज बघून खूश होतील बघ," हे आदल्या दिवशी म्हणाले होते. मलाही अगदी तसंच वाटलं होतं.

पाहुण्यांनी दाराशी बूट काढून नीट जुळवून ठेवले. मी नुकताच लुबान टाकला होता. जहाज सरळ उभं होतं, मागे बाप्पा. ते गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि बराच वेळ मान खालीच ठेवली. मला वाटलं, परका माणूस असून बाप्पावर केवढी श्रद्धा!

मग ते सावकाश इंग्रजीत बोलले. त्यांच्या आईचा धाकटा भाऊ त्या जहाजावर होता. पाहुण्यांनी त्याला फक्त फोटोत पाहिलेलं. "इतक्या लांब, तुमच्या देवाजवळ तुम्ही त्यांची आठवण ठेवलीत. धूपसुद्धा लावलात," ते म्हणाले आणि आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचा चेहरा तर पांढराफटक. खरं सांगायला हवं होतं, पण सांगणार कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात बेल वाजली. परीक्षक आणि त्यांच्या मागे पोरांची झुंड. "यल्ला, दाखवा लवकर, अजून दोन घरं राहिलीत!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्यांना दिसलं ते, मला पक्कं ठाऊक आहे. पण पोरं ओरडत होती, परीक्षक घड्याळ बघत होते, आणि पाहुणे स्वतःच उठून सगळ्यांना जागा करून देत भिंतीशी उभे राहिले.

ह्यांनी बटण दाबलं.

लाल दिवे लागले. "आणि आता पाहा, मंडळी!" जहाज कलंडलं, सॅटिनखाली गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. परीक्षकांनीही वाजवल्या, एक जण तर "व्वा!" म्हणाले.

पाहुण्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. इथली हीच रीत असावी असं त्यांना वाटलं असेल. मग त्यांनीही हात वर घेतले आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागले.