रिलीव्हरची मिशी

सुप्याच्या एमआयडीसीत मोटारींच्या सीटांचे सांगाडे बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनांच्या विभागात, एकवीस वर्षं घालवलेल्या कानिफनाथ रामहरी औटी या माणसाच्या नावावर एकही मशीन नाही. तो रिलीव्हर आहे. म्हणजे प्रेसवरचा गडी चहाला गेला, लघवीला गेला, घरचा फोन आला म्हणून बाहेर गेला, की दहा मिनिटं त्याच्या जागी उभं राहायचं आणि तो परतला की पुढच्या मशीनकडे सरकायचं. लाइन थांबता कामा नये. अकरा प्रेस, अकरा माणसं आणि त्या सगळ्यांची नस ठाऊक असलेला हा बारावा. कोणत्या प्रेसचं पेडल जड चालतं आणि कोणता गडी दहा मिनिटं सांगून वीस लावतो, सगळं त्याला पाठ. त्याच्या स्वतःच्या चहाला मात्र रिलीव्हर नाही. तो सगळ्यांच्या शेवटी पितो, गार झालेला.

दिसायला माणूस बेताचाच. उंची पाच फूट सहा इंच, रंग रापलेला, चाळिशी ओलांडल्यावर पोट जरासं सुटलेलं. पण मिशी अशी, की बोलताना माणसं डोळ्यांत बघायची सोडून तिच्याकडेच बघायची. जाड, काळीभोर, टोकांना पीळ दिलेली. अठराव्या वर्षी आली तेव्हापासून तिला वस्तरा लागला नव्हता. लागणारही नव्हता, कारण वडील रामहरी आबा ऐंशीचे झाले तरी ठणठणीत होते, आणि आमच्याकडे बाप हयात असताना मुलानं मिशी उतरवायची नसते. ती बाप गेल्यावर उतरते. साफ ओठाचा माणूस गावात शिरला की बाया आधी विचारतात, कोण गेलं? मिशी म्हणजे नुसते केस, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भागात एकदा तसं बोलून बघावं.

कानिफला बास्केटबॉलचं वेड लागलं ते नगरला आयटीआय करताना. वसतिगृहाच्या मागे सिमेंटचं मैदान होतं आणि संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. उंची नाही म्हणून पोरं त्याला घेत नसत. कोणी दमून बसलं की मग घेत. तिथेच त्याला दुसऱ्याची जागा भरायची सवय लागली, असं तो स्वतः सांगतो. पुढे सुप्याला नोकरी लागल्यावर त्याने आणि बजरंग वेल्डरने कंपनीमागच्या भंगाराच्या मोकळ्या जागेत कोर्ट केलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गड्यांनी स्वतः कोबा केला, बोर्ड टाकाऊ पत्र्याचे आणि रिंगा बजरंगने वाकवून जोडलेल्या. त्या कोर्टवर बारा वर्षांत एक टीम उभी राहिली. कंपन्यांच्या स्पर्धेत ती दोनदा उपांत्य फेरीपर्यंत गेली, दोन्हीदा हरली, आणि दोन्ही वेळा बसमधून गाणी म्हणत परत आली.

मग पुण्याहून हर्षल साहेब आले. वय चौतीस, एचआर मॅनेजर, हातात कायम टॅब. त्यांना हरून गाणी म्हणणारी माणसं समजेनात. त्यांनी सहा महिन्यांत पाच खेळाडू ट्रेनी म्हणून भरती करून घेतले. पाचही नामांकित, पाचही आपापल्या संघाचे माजी कप्तान. त्यातला पार्थ तर साडेसहा फुटी, विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळलेला. लगेच सुप्याच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला. पाच जणांचे फोटो, हाताची घडी घातलेले, आणि खाली ठळक अक्षरांत ‘चॅम्पियन आलेत!’ एकही मॅच खेळायच्या आधी.

नोव्हेंबरात कँटीनमध्ये साहेबांनी पाचांची ओळख करून दिली आणि जुन्या टीमकडे वळून म्हणाले, “यादीत दहा नावं लागतात, त्यामुळे तुमचीही पाच नावं राहतील. पण मैदानात हे. तुम्ही टाळ्या वाजवा, पाणीबिणी बघा. यंदा सेंटिमेंट बाजूला.”

काही जण हसले. त्या हसण्याने कानिफच्या डोक्यात सणक गेली. बारा वर्षं कोणी त्या कोर्टकडे फिरकलं नव्हतं, आणि आता पाणीबिणी! तो चहाचा कप हातात घेऊनच उठला.

“साहेब, पोरं गुनी हायेत. एकेकटं बघा, आमाला दहा जन्मांत त्यांच्यावानी यायचं न्हाई. पन ही टीम न्हाई.”

“मग काय आहे?”

“यादी हाय.”

मागून क्वालिटी विभागातला कोणीतरी ओरडला, “आणि चषक आणला तर काय करशील, कानिफदादा?”

इथे शहाण्या माणसाने बसून चहा प्यायला असता. कानिफने मिशीवर हात ठेवला. “ह्या टीमनं चषक आनला, तर सुप्याच्या चौकात, त्याच फ्लेक्सखाली, मिशी उतरवीन.”

बजरंगचा वडा तोंडापाशी थांबला. “आरं, आबा हायेत की अजून!” तो हळूच म्हणाला. पण शब्द गेला होता. अडीचशे माणसांनी ऐकला होता.

घरी रेश्माने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला. “अहो, जीभ हाय का काय हाय? आबांना कळलं तर अन्न सोडतील ते.” दोघांनी ठरवलं, आबांच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही. आबा ओट्यावर बसून असत, कंपनीतल्या गोष्टींत त्यांना रस नव्हता. तेवढा आधार.

स्पर्धा सुरू झाली आणि पहिली मॅच पाच चॅम्पियननी तीस गुणांनी मारली. दुसरी अठरा गुणांनी. कंपनीत कानिफ एका मशीनवरून दुसऱ्याकडे निघाला की पोरं दोन बोटांची कात्री करून दाखवायची. कोणीतरी त्याच्या लॉकरवर ब्लेडचं पाकीट चिकटवलं. त्याने ते काढलं नाही. येता-जाता बघत राहिला.

बाकावर बसून पाणीबिणी बघताना त्याला दिसत होतं ते मात्र स्कोअरबोर्डवर येत नव्हतं. पाचांतल्या प्रत्येकाला बॉल पाहिजे होता आणि बॉल नसलेला माणूस उभा राहून बॉलकडे बघत होता. एक जण पुढे धावला की त्याची जागा रिकामी. ती भरायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, कारण आजवर त्यांची जागा दुसरे भरत आले होते. “पाच नवरदेव,” बजरंग म्हणाला, “आन वऱ्हाडी एकबी न्हाई.” उपांत्य फेरी त्यांनी जेमतेम दोन गुणांनी काढली आणि त्यानंतर त्या पाचांतले दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

अंतिम सामना जानेवारीत, नगरला, दुपारी तीनला. समोर एका साखर कारखान्याची टीम. गळीत हंगाम ऐन भरात, तरी पाळ्या बदलून आलेले ते पाच जण सात वर्षं एकत्र खेळत होते. एकाला टक्कल, एकाच्या गुडघ्याला पट्टा. आमच्या चॅम्पियननी त्यांच्याकडे बघून आधी हसून घेतलं. मध्यंतराला आमचेच चौदा गुणांनी मागे होते आणि कोणी हसत नव्हतं.

तिसऱ्या सत्रात पाचांतला एक जण दुसऱ्यावर खेकसला, “पास द्यायला काय होतं रे तुला?” त्याने उलटून शिवी दिली, आणि रागाच्या भरात साखर कारखान्याच्या गड्याला ढकलून आपला पाचवा फाउल करून बसला. बाहेर. हर्षल साहेबांनी टॅबकडे बघितलं. टॅबमध्ये सहावा चॅम्पियन नव्हता. मग बाकाकडे बघितलं.

“औटी,” ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “जाता का?”

बजरंगने कानिफचा शर्ट मागून धरला. “बस खाली. हरू दे त्यांना. तुजा शब्द खरा हुतोय, मिशी वाचतीय, आन आबांचं तोंड चुकवाया लागनार न्हाई. येड्या, तुला काय करायचं न्हाई, फकस्त बसायचंय.”

बरोबर होतं त्याचं. अगदी शंभर टक्के बरोबर. कानिफ बसूनही राहिला असता. पण त्याला पार्थ दिसला. साडेसहा फुटी पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि पास द्यायला कोणी आहे का म्हणून मागे बघत होता. मागे कोणी नव्हतं. एकवीस वर्षांत कानिफने रिकामी जागा बघून पाय आवरला नव्हता. शर्ट सोडवून घेऊन तो मैदानात गेला.

त्याने काही जादू केली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याने फक्त जागा भरल्या. पार्थ पुढे गेला की हा मागे. दुसरा डावीकडे ओढला गेला की हा उजवीकडे. बॉल हातात आला तर क्षणभरही न ठेवता मोकळ्या माणसाकडे. तोंडाने हाक नाही. प्रेसच्या आवाजात हाक कुणाला ऐकू येते? तिथे भुवईने बोलतात. पहिल्यांदा पोरांना ती भुवई कळेना. मग पार्थला कळली, मग त्याचं बघून बाकीच्यांना. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार. चार सेकंद उरले तेव्हा आमची टीम एका गुणाने मागे होती, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या गड्याने कानिफलाच धक्का दिला.

फाउल. दोन फ्री थ्रो. एक बसला तर बरोबरी, दोन बसले तर चषक.

रेषेवर उभा राहिल्यावर त्याला सगळं स्वच्छ दिसलं. एकेचाळीस वर्षांचा, धापा टाकणारा रिलीव्हर. दोन्ही चुकले असते तरी कोणी ब्र काढला नसता. उलट पाठीवर थाप मारली असती. शब्द राहिला असता, मिशी राहिली असती, आबांसमोर ताठ जाता आलं असतं. बाकावर बजरंग दोन्ही हातांनी स्वतःच्या मिशीला पीळ देत होता, आठवण म्हणून. कानिफला राग आला. बजरंगचा नाही, स्वतःचा, की असला हिशेब आपल्या डोक्यात शिरलाच कसा. आणि खरं सांगायचं तर ठरवून चुकायलाही सराव लागतो, तो त्याने कधी केला नव्हता. त्याने बॉल दोनदा आपटला आणि टाकला. बसला. पुन्हा आपटला, पुन्हा टाकला.

पुढचा गोंधळ काय सांगायचा! पार्थने त्याला उचलून खांद्यावर घेतलं. साहेबांनी माइक धरला आणि आपल्या चॅम्पियन टीमच्या व्हिजनबद्दल बोलले. परतीच्या बसमध्ये सगळे एका सुरात म्हणाले, पैज रद्द. तुम्हीच जिंकवलं, मग तुमची मिशी कशी जाईल? साहेबसुद्धा म्हणाले, “औटी, विषय संपला. मोठ्या मनाने सांगतोय.”

मोठं मन! दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर कानिफने चौकातल्या अमृत न्हाव्याची खुर्ची उचलून फ्लेक्सखाली मांडली आणि बसला. बघता बघता दीडशे माणसं जमली. साहेबांची गाडीही गर्दीत अडकली, तेव्हा ते काच खाली करून म्हणाले, “अहो, सांगितलं ना, रद्द!”

“तुमी कोन रद्द करनार, साहेब?” कानिफ खुर्चीतूनच म्हणाला. “शब्द मी दिलता. ह्या टीमनं चषक आनला तर, असं म्हनलो हुतो. मी हाय का न्हाई त्या टीमच्या यादीत? तुमीच घातलं नाव. मंग नुसत्या पाचांची टीम न्हाई म्हनलो त्यात मी चुकलो न्हाई, आन शब्दातनं सुटनारबी न्हाई. फकस्त त्या फ्लेक्सवर पाच फोटू हायेत, ते धा करा. न्हाईतर फाडून टाका.” मग मान मागे टाकून तो अमृतला म्हणाला, “चालव.”

अमृतने वस्तरा उचलून पुन्हा एकदा पाण्यात बुडवला. त्याने आजवर मिशा उतरवल्या होत्या त्या सगळ्या दहाव्याच्या घाटावर. गर्दीत पुढे पार्थ उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. कोणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना कानिफने मोटारसायकल हळू चालवली. ओठ उघडा, थंड, कुणा परक्याचाच वाटत होता. गावात शिरताच दोन बाया थबकल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत त्याच्या घराकडे बघू लागल्या. दारात रेश्मा उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“कोन गेलं रं?”

“कोनी न्हाई, आबा.”

“मंग हे काय? मी जित्ता हाय अजून.”

कानिफ मान खाली घालून पायरीवर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कँटीन, पाणीबिणी, यादी, बजरंगने धरलेला शर्ट, दोन फ्री थ्रो. आबांना बास्केटबॉल म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण मध्ये त्यांनी एकदाही टोकलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी पोराच्या उघड्या ओठाकडे बघितलं.

“म्हंजी तू मुद्दाम हरला असतास, तर वाचली असती?”

“व्हय.”

“आन तू जिंकलास.”

“व्हय, आबा.”

“मंग मेल्यावानी मान घालून काय सांगतुस?” आबा कडाडले. “मी जित्ता हाय, तू जिंकलाईस. ऊठ. उभा ऱ्हा आन सांग!”

कानिफ उठला, छाती भरून श्वास घेतला आणि जिंकलो म्हणून असा ओरडला, की त्या दोन बायांनाही ऐकू गेलं.