न मागितलेले वाक्य

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे इंजिनिअर होतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे खात्याच्या हौशी नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. पहिल्या कामाचे निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्याविषयी एका परीक्षकाने एवढेच म्हटले होते, की प्रयोगात सर्वांत स्पष्ट उच्चार विंगेतल्या गृहस्थांचे होते. ती प्रशंसा नव्हे, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले.

दोन हजार चार साली मुलाकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहायला गेलो. सूनबाई कामावर जाताना मला ज्येष्ठांच्या केंद्रात सोडत असे. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले होते, हे त्यामागचे कारण असावे. केंद्रातल्या इंग्रजीच्या वर्गात प्रत्येकाला पूर्वीचा व्यवसाय सांगायला लावले. “धरणे,” मी म्हणालो. कोणावर छाप पडेना, म्हणून पुढे जोडले, “आणि रंगभूमी.”

पुढच्या रांगेतल्या रशियन बाई वळल्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, बसणे ताठ. “कोणत्या भूमिका?”

“विंगेत उभा राहत असे. पुस्तक घेऊन.”

आता या पाठ फिरवणार, असे वाटले. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. “माझी दोन लग्नं झाली,” त्या म्हणाल्या, “पण भरवसा ठेवला तो आमच्या प्रॉम्प्टर बाईंवरच.”

परीक्षकाचे मत मी त्यांना सांगितले नाही.

व्होल्गाकाठच्या एका शहरातील रेपर्टरीत त्यांनी एकेचाळीस वर्षे काम केले होते. तिथे नटसंच कायम नोकरीतला, रोज संध्याकाळी नाटक वेगळे आणि चाललेले नाटक पिढ्यान् पिढ्या चालू. अशाच एका कौटुंबिक नाटकात त्या प्रथम नात झाल्या, मग सून, मग सासू आणि शेवटी आजी. आजीची शालही आधीच्या नटीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे आली.

“आमच्याकडे माणूस म्हातारा होत नाही, मिस्टर इंजिनिअर. जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची बदलते, एवढंच.”

“आमच्याकडेही शाल शेवटीच मिळते,” मी म्हणालो. “सोबत नारळ.”

“नारळ कशाला?”

“आता या, म्हणून.”

त्यांनाही नारळ मिळाला होता, फक्त न सांगता. शेवटच्या हंगामात, आजीच्या मोठ्या भाषणात त्या मध्येच थांबल्या आणि तोंडून निघाली ती सुनेची वाक्ये, तीस वर्षांपूर्वी पाठ केलेली. पुढच्या हंगामाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. मग त्या मुलीकडे अमेरिकेत आल्या.

आता तेच भाषण केंद्रातल्या रशियन मंडळींसमोर त्या करणार होत्या. “त्या दिवशी माझं डोकं गेलं होतं, की नुसता तो दिवस वाईट होता, हे मला कळायला हवं,” त्या म्हणाल्या. मी विंगेत उभे राहायचे, ते केवळ त्यांच्या धीरासाठी. त्यांनी शाल डाव्या खांद्यावर ओढली, तरच वाक्य द्यायचे. एरवी नाही.

मला रशियन येत नव्हते. त्या बोलत गेल्या आणि मी देवनागरीत उतरवत गेलो. आपल्या लिपीत कोणताही उच्चार लिहिता येतो, असा शाळेपासूनचा माझा समज. अर्थ एकाही ओळीचा ठाऊक नव्हता, पण प्रत्येक विराम घड्याळ लावून मोजला होता.

सूनबाईने वही चाळली. “बाबा, हे काय, मंत्र आहेत का?”

“नाटक आहे. रशियन. मी प्रॉम्प्टर आहे.”

“ओह गॉड. बाबा, त्यांना प्लीज आधी वॉर्न करा, तुम्ही केवढ्यानं बोलता ते.”

“मी कुजबुजतो.”

“तुम्ही कुजबुजलात की शेजारचं कुत्रं भुंकतं!”

प्रयोगाला साठेक माणसे होती. पहिली आठ मिनिटे बाई कुठेही अडखळल्या नाहीत. मग, पूर्वी जिथे घोटाळा झाला होता, नेमक्या तिथे थांबल्या. माझ्या वहीत तिथे चार सेकंद होते. चार झाले. सहा झाले. शाल हलली नाही. ती हलली नाही हे मी नीट पाहिले होते, हे येथे नमूद करतो. आठव्या सेकंदाला मी वाक्य दिले.

धरणाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाच्या मुकादमाला हाका मारून कमावलेला आवाज तो. साठ माना विंगेकडे वळल्या. बाईंनी क्षणभर छताकडे पाहिले आणि काही शब्द टाकले. सभागृह हसून लोटपोट झाले. त्या शब्दांचा अर्थ मला नंतर कळला. आजीच्या दिवंगत नवऱ्याला उद्देशून त्या म्हणाल्या होत्या, “मेलास, तरी मध्ये बोलायचं सोडत नाहीस!” मग तेच वाक्य स्वतः उच्चारून त्यांनी भाषण शेवटास नेले. टाळ्या पुष्कळ पडल्या.

त्यांतल्या काही माझ्या आहेत, असे मानून मी आत गेलो. “निभावलं,” मी म्हणालो.

बाई आरशासमोर बसून होत्या. “मला ते आठवत होतं का?” त्यांनी मलाच विचारले. “येत होतं, असं वाटतं. पण तुमचं आधी आलं. आता मला कसं कळणार?”

चौतीस वर्षे मी माणसांना बुडताना वाचवतो, अशी माझी समजूत होती. त्यांतली किती पोहत होती, याची चौकशी कधी केली नव्हती.

क्षमा मागण्याची मला सवय नाही. “पुन्हा करा,” मी म्हणालो.

“कोणासमोर? सगळे घरी गेले.”

“माझ्यासमोर. आत्ता.”

वही मी त्यांच्या पिशवीत टाकली आणि रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलो. खुर्च्या मिटणाऱ्या माणसाला हातानेच थांबवले. बाईंनी सुरुवात केली. त्या जागी आल्या आणि थांबल्या. वाक्य मला पाठ होते, हा त्यातला खरा छळ. चार सेकंद झाले, आठ झाले, बारा झाले. माझा तळहात तोंडावर कधी गेला, कळले नाही. सतराव्या सेकंदाला वाक्य आले, आजीचे. त्यामागून पुढचे, आणि मग सगळेच, शेवटच्या शब्दापर्यंत.

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता तो हात काढा, मिस्टर इंजिनिअर. संपलं नाटक.”