वस्त्रगाळ धूर

विनायकराव खासनीसांनी लग्न का केलं नाही, याचं उत्तर पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीतल्या आमच्या सोसायटीत जिन्याजिन्यावर वेगळं मिळे. माझं सर्वांत चविष्ट, पण ते इथे नको. प्रदूषणाच्या सरकारी कचेरीतला हा साहेब रविवारी मात्र दार किलकिलं ठेवून खालच्या मंगलाबाईंच्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीची वाट बघे. शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात नानखटाई घालून स्वतः खाली जाई आणि चहापर्यंत रेंगाळे. आठवड्याचं बोलणं तेवढंच.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात ताटात कुरडया आल्या, काळ्या ठिपक्यांच्या.

"साहेब, हाऊ तुमना धूर शे. खावा आते!"

धूर समोरच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचा. मंगलाबाईंचा नवरा भटू तिथेच कामाला. मिलच्या परवान्याची मुदत संपत आलेली. धुराड्याला कोणतं यंत्र हवं, हे विनायकरावांनी ठरवायचं. मालकाला सायक्लोन हवा होता, पत्र्याचं मोठं नरसाळंच ते, काम न थांबवता दिवाळीच्या सुटीत बसलं असतं.

"ते म्हणजे सूप," विनायकराव म्हणायचे. "जाड राख पडेल, पीठ उडेल. पाण्याचा फवारा मारला तर काळं पाणी खाडीत. कापडी पिशव्यांतून गाळला, तरच धूर वस्त्रगाळ."

पण पिशव्या बसेपर्यंत मिल बंद, आणि बंद काळात पगार नाही, असं मालकाने कामगारांना ऐकवून ठेवलेलं.

भटू वर आला. "साहेब, सायक्लोन लिखी द्या ना. मील बंद पडनी ते पोरेस्ले काय खावाडसू?"

"आणि पोरं श्वास कशाचा घेतात, भटू?"

"उपाशी मानूस श्वास तरी कितला लेई?"

विनायकरावांनी पिशव्याच लिहिल्या.

पावसाळाभर मिल बंद. भटू अमळनेरला भावाच्या शेतात राबायला गेला. मंगलाबाईंचं ताट वरच राहिलेलं. विनायकराव ते नानखटाईनं भरून खाली गेले. बाईंनी दारातच नानखटाई कागदावर ओतली, पुडी बांधून त्यांच्या हातात दिली.

"ताट आमनं शे," म्हणाल्या, आणि कडी लावली.

पुढच्या उन्हाळ्यात मिल सुरू, भटू कामावर, गच्चीवर कुरडया पांढऱ्याशुभ्र. बायका कौतुक करत होत्या. कुणाचं? गव्हाचं! विनायकराव बनियन वाळत घालायला आले, तशा मंगलाबाईंनी कुरडयांचं लुगडं जरा पलीकडे ओढलं. त्यांना वाट द्यायला की आणखी कशाला, यावर मी, कधी नव्हे तो, गप्प बसलो.

रविवारी त्यांचं दार तसंच किलकिलं असे. नानखटाईही आणलेली असे. सोमवारी ती मला मिळे, मऊ पडलेली.